दोनदा गेलेला बापूस

(१९५४चा माघ. डोंबिवलीच्या पलीकडे खाडीकाठचं एक गाव. सकाळची वेळ. आज काळुरामचा दहावा. मुलगा गोपीनाथ आणि पुरुषमंडळी पिंडासाठी खाडीवर गेली आहेत, बायका ओटीवर जमल्या आहेत. आतल्या खोलीत काळुरामची बायको ठमाबाई आणि खडवलीला दिलेली लेक तुळसा, दोघीच.)

तुळसा: म्हणजे तू खाडीवर येणारच नाहीस?

ठमाबाई: येनार नाय असं कुठं बोलले? येते. पानी देते. बांगड्या नाय फोडू देनार.

तुळसा: हळू बोल, आये. बाहेर सगळ्या बसल्यात. माझी सासू पहाटेच्या गाडीने आलीय. गोदाआत्या दगड धुऊन तयार बसलीय.

ठमाबाई: बसू दे. तिच्या भावाचा दहावा हाय, ती बसनारच.

तुळसा: लोक काय म्हणतील ते एक वेळ सोड. बाबांचं काय? अख्ख्या गावाने त्यांना खांदा दिला. पलीकडच्या काठावरून माणसं आली. आणि त्यांचीच बायको हातात बांगड्या घालून बसली, तर ते गेले हे तुला मान्यच नाही असं होईल. त्यांचा जीव अडकेल गं.

ठमाबाई: त्याचा जीव माज्या मांडीवर गेला. वालाच्या शेतात. 'ठमा, जरा बसतो,' बोलला. बसला, आन् आडवा झाला. मी त्याचं डोकं उचलून घेतलं. ह्या खेपेला मना कोनी येऊन सांगायला नको व्हतं.

तुळसा: ह्या खेपेला! ते जुनं आज कशाला काढतेस?

ठमाबाई: आज नाय तर कवा? तुना त्यातलं ठाऊक तरी काय हाय?

तुळसा: सगळ्या गावाला आहे ते मलाही आहे. पहिल्या जर्मन लढाईत बाबा पलटणीबरोबर बसऱ्याला गेले. तिकडे तुर्कांनी पकडलं. इकडे निरोप आला, बेपत्ता. दोन वर्षं वाट बघितली आणि मग घरच्यांनी पिठाचा पुतळा करून जाळला, दिवस घातले. आणि बाबा आले परत! मग भटजी म्हणाले, ह्याची क्रिया झालीय, हा मेलेला माणूस. घरात घ्यायचा तर आधी पुन्हा जन्माला घाला. म्हणून एवढ्या मिशाळ बाप्याचं बारसं केलं. आम्ही लहानपणी विचारायचो, बाबा, पाळण्यात मावलात कसे? ते सांगायचे, पाय बाहेर होते.

ठमाबाई: तेवढंच सांगायचा. तुमी हसायचे ना, म्हनून.

तुळसा: मग अजून काय आहे?

ठमाबाई: पुतळा जाळला त्याच दिशी माज्या बांगड्या फोडल्या. माज्या सासूनं, ह्याच खाडीवर, दगडावर हात आपटून. लग्नातल्या हिरव्या बांगड्या. मी किती असेन? तुज्या लेकीपेक्षा, मालूपेक्षा थोडी मोठी. काच घुसली मनगटात. हा बघ डाग.

तुळसा: हे तर विळा लागलेलं म्हणायचीस.

ठमाबाई: पोरांना काय सांगनार? दादला जिता व्हता गो. तिकडं उन्हात तुर्कांच्या रेल्वेची खडी फोडत व्हता. आन् इकडं मी पांढऱ्या कपाळानं बापाच्या घरी भात सडत व्हते. त्याचं मरन मी एकदा भोगलंय. तो नसताना भोगलंय.

तुळसा: मला वाईट वाटतं, आये. खरंच वाटतं. पण तेव्हा चुकून झालं. आज खरं झालंय. आजचं तर करायलाच हवं ना?

राघो: वयनी, आत येऊ का?

ठमाबाई: या, राघोभावजी. पाट घ्या बसायला. तुळसा, पानी दे काकांना.

तुळसा: बरं झालं आलात, काका. खाडीवर नाही गेलात?

राघो: पलीकडनं मचवा काढलेला, पन ओहोटी लागली. चिखलातनं चालत आलो. ओटीवर गोदानं अडवलं. बोलली, वहिनी ऐकत नाय, तुमचं ऐकेल, तुमी समजवा.

तुळसा: समजवाच. बाबांचे इतके जुने दोस्त तुम्ही. हिला सांगा, हा बाबांचा अपमान आहे.

राघो: मी? मी कसा सांगू, पोरी?

तुळसा: का नाही?

ठमाबाई: सांगा तिला, भावजी. तुमची बायको कमळा जिती व्हती तवर कोनी तोंड उघडलं नाय, ते बरं केलं. तिला सवतीसारखं वाटलं असतं. आता कमळा नाय, तोपन नाय. तुमची हरकत नसंल तर सांगा.

राघो: माजी कसली हरकत. म्हातारा झालो. तुळसा, बस इथं. तुजी आय माज्या घरात यायची व्हती.

तुळसा: म्हणजे?

राघो: म्हंजे पाट. दुसरं लगीन. आपल्यात चालतं ते. तरनी बाई, पोर नाय, बाळ नाय, बापाच्या घरी किती दिस बसनार? तिच्या बापानं माज्या बापाला विचारलं. मी तवा मिठागरावरनं मीठ भरून मचवा न्यायचो, ठान्यापर्यंत. हाताशी धंदा व्हता. ठरलं. लुगडं घेतलं. शिमगा झाला की पाट लावायचा.

तुळसा: आये?

ठमाबाई: खरं हाय. बापानं सांगितलं, मी व्हय बोलले. त्यात माजं काय चुकलं असं मना आजबी वाटत नाय. भावजी चांगला मानूस व्हता. हाय.

राघो: आन् शिमग्याच्या तोंडावर हा आला. खाकी कोट, आत नुस्ती हाडं. कल्यान स्टेशनवर उतरून चालत, बांधावरनं. त्याच्या आयेनं बघितलं आन् दार लावून घेतलं. भूत समजली. बारसं होईपर्यंत गावानं वेशीच्या आत घेतला नाय त्याला. शेतावरच्या खोपटात निजायचा. बाया लांबनं भाकरी ठेवायच्या आन् पळायच्या.

तुळसा: लांबून?

राघो: कुत्र्याला ठेवतात तशी.

तुळसा: थांबा, काका. कल्याणच्या पुढे छावणीत निर्वासित आलेले ना, फाळणीनंतर? मी तेव्हा माहेरी आलेले. बाबा तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन निघाले, मला म्हणाले चल. तिथे दारातच एक म्हातारी बसलेली. मी गाठोडं तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं. बाबा एवढे रागावले! बाबा कधी रागवायचे नाहीत. म्हणाले, उचल ते. हातात दे. घर सुटलेल्या माणसाला लांबून द्यायचं नाही. मला कळेचना, माझं काय चुकलं.

ठमाबाई: तुजं काय नाय चुकलं. तुना कुठं ठाऊक व्हतं.

तुळसा: पुढे काय झालं?

राघो: बारसं झालं. मग भट बोलला, हा आता नवा जलमला. जुनं नातं तुटलं. बायको पायजे तर तिच्याशी नव्यानं लगीन लावा. काळुरामची आय बोलली, लावते. माजा बाप बोलला, पोरगी आमची ठरलीय, लुगडं घेतलंय. दोन्ही गावं उठली भांडायला. मी कोयता घासून ठेवलेला. खोटं कशाला बोलू?

तुळसा: बाबांवर?

राघो: मग कोनावर? मेलेला मानूस उठून माज्या ताटातलं घेतो, असं वाटायचं मना. आन् एक दिस दुपारी तोच आला. एकटा. मी मचव्याला डांबर लावत व्हतो. बोलला, राघो तूच ना? मी बोललो, व्हय. बाजूला बसला. कोयता बघितला त्यानं. तंबाखू मागितला.

तुळसा: दिलात?

राघो: दिला. हात फुडं झालाच आपोआप. तंबाखू मळता मळता बोलला, 'मी मेलो असं समजून तू तिला मागितलीस. तुजा गुन्हा नाय. भट म्हनतो मी नवा जलमलो, मग तिच्यावर माजापन हक्क नाय. आपन दोघं भांडून काय उपेग? तिला विचारू. तुज्याकडं येते बोलली तर तुज्या मांडवात मी पहिल्या पंक्तीला जेवेन. माज्याकडं येते बोलली तर तू माज्या मांडवात जेव.'

तुळसा: आणि तुम्ही कबूल झालात?

राघो: झालो. बोललो, विचार. बोलायचं काय अशा मानसापुढं? लढाईतनं आला व्हता तो. मनात आनता तर गावाचंपन ऐकलं नसतं. पन नाय.

तुळसा: तुला विचारलं त्यांनी, आये?

ठमाबाई: माज्या बापाच्या अंगनात आला. ओटी नाय चढला. मी जात्यावर बसले व्हते. बाप बोलला, उठ, हा काय विचारतो ते ऐक. मना तर त्याचं तोंडपन धड आठवत नव्हतं. लगीन झालं तवा खाली मान घालून बसले, आन् पाऊस सरला तर हा भरती होऊन गेला. समोर उभा राहिला, तर मना परका मानूस.

तुळसा: काय म्हणाले?

ठमाबाई: बोलला, 'आधी माजं सगळं ऐक. मग सांग.' आन् उन्हात उभा राहून सांगितलं. नदीकाठच्या एका गावात तुर्कांनी त्यांना कोंडलं. खायला काय उरलं नाय. मग साहेब लोकांनी घोडे मारायला सांगितले. आपली मानसं खाईनात. जात जाईल म्हनून उपाशी राहिली, आन् मरायला लागली. ह्यानंपन नाय खाल्लं. लय दिस नाय खाल्लं. मग खाल्लं. ज्या घोड्याला रोज पानी पाजायचा, त्याचंच.

तुळसा: देवा.

ठमाबाई: बोलला, 'मी घोडा खाल्लाय. म्हनून जिता हाय. बाजूचे दोघं खानार नाय बोलले, त्यांना मी पुरलं. हे गावाला नाय सांगितलं, तुना सांगतो. तुना माज्या हातचं पानी चालनार नसंल तर आत्ताच सांग.'

तुळसा: म्हणून कल्याणला टांग्याच्या अड्ड्यावर...

ठमाबाई: काय?

तुळसा: स्टेशनबाहेर टांगा दिसला की बाबा जाऊन घोड्याच्या कपाळाला हात लावायचे, मग स्वतःच्या. आम्हाला एवढी लाज वाटायची! गोपीनाथ तर दहा हात पुढे जाऊन उभा राहायचा. टांगेवाले हसायचे. मला वाटायचं पलटणीतली सवय असेल.

राघो: मना हे ठाऊक नव्हतं, वयनी. घोड्याचं. इतक्या वर्सांत बोलला नाय.

ठमाबाई: मनापन सांगितलं ते त्या दिशीच. परत कवा बोलला नाय. गोदालासुदीक ठाऊक नाय. ते ह्या खोलीतच राहू दे.

राघो: राहील.

तुळसा: मग तू काय उत्तर दिलंस?

ठमाबाई: मना जलमात कोनी काय विचारलं नव्हतं गो. लगीन करतेस का, कोनी नाय विचारलं. बांगड्या फोडू का, नाय विचारलं. पाट लावायचा तर बापानं सांगितलं, मी मान हलवली. आन् हा उन्हात उभा राहून मना विचारतो. मग मी विचारलं, परत पलटनीत जाशील? बोलला, 'नाय. खाडीचा बांध फुटलाय, शेतात खारं पानी शिरलंय. तो बांधायचा हाय.' मी बोलले, मग येते.

तुळसा: एवढंच?

ठमाबाई: एवढंच. अजून काय बोलायचं व्हतं?

राघो: माज्या बापानं महिनाभर घरात कोनाला सुखानं जेवू दिलं नाय. पन मी गेलो मांडवात. पहिल्या पंक्तीला बसलो. काळुराम सोता वाढायला आला. भात वाढला, वर डाळ वाढली, आन् तिथंच उभा. मी पहिला घास घेतल्याबिगर हालला नाय. पुढच्या महिन्यात बांधाचं काम काढलं त्यानं, तवा दगड माज्या मचव्यातनं आले. असा बांध घातला, तुळसा, रेघ मारल्यासारखा. पलटनीत खंदक खनून शिकला व्हता. त्या वादळाच्या वर्सी आजूबाजूचे सगळे बांध गेले, ह्याचा उभा राहिला. दोन दिस पान्यात उभा व्हता पाठ लावून, आमा सगळ्यांना हुकूम सोडत. म्हातारा झालेला तवा.

ठमाबाई: बांगड्यांचं सांगा तिला. तुमी व्हते तिथं.

राघो: व्हतो ना. लगनाच्या सकाळी. कासारीन बसली व्हती तुज्या आयेचे हात घेऊन. आन् हा नवरदेव येऊन सरळ कासारनीपुढं बसला. सगळ्या बाया हसायला लागल्या. ह्याचं ध्यान नाय. ह्यानं वयनीचं मनगट बघितलं. विचारलं, हा डाग कसला?

ठमाबाई: मी काय बोलले नाय. माजी सासू बाजूलाच व्हती.

राघो: पन त्याला कळलं. सगळ्यांच्या समोर बोलला, आयेसमोर, 'मी जिता असताना माज्या नावानं हिला दगड लागला. मी कवातरी मरनार हाय, सगळी मरतात. पन माज्या नावानं हिच्या अंगाला दुसऱ्यांदा दगड लागता कामा नये. ठमा, शब्द दे.' वयनीनं मान हलवली, तर बोलला, 'मान नको. तोंडानं बोल.'

तुळसा: बोललीस?

ठमाबाई: बोलले. आन् बांगड्या भरल्या.

तुळसा: मग हे इतके दिवस का नाही सांगितलंस? मी रोज तुझ्याशी भांडतेय. गोपीनाथ काल जेवला नाही. आम्ही म्हणत होतो, आईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

ठमाबाई: शब्द सांगायचा तर दुसऱ्या लगनाचं सगळं सांगायला लागलं असतं, मग भावजींचं नाव निघालं असतं. कमळाची पोरं रोज इथं उठबस करतात. त्यांच्या बापाचं हे मी माज्या तोंडानं कसं काढू? आज ते सोता बोलले, म्हनून.

राघो: गोदा हाक मारते बघ. पुरुष थांबलेत बोलते.

ठमाबाई: तुळसा, तू काय करनार ते तू ठरव. मी तुजा हात धरत नाय. खडवलीला तुना राहायचं हाय, सासू बाहेर बसलीय. नुस्ती गप बसलीस तरी चालंल. मी माजं सांगते त्यांना.

तुळसा: नको. तू बस. मी सांगते. गोदाआत्या! आत्या, तो दगड ठेवून द्या. आई पाणी द्यायला येणार आहे. बांगड्या फोडणार नाही. हो, तेच बोलले मी. नाही आत्या, माझं डोकं ठिकाणावर आहे. बाबांचा शब्द आहे तसा. त्यांच्या दुसऱ्या लग्नात दिलेला. तुम्ही लहान होतात, आठवून बघा. कासारणीसमोर. आठवतंय ना? बाबा स्वतः म्हणालेले. राघोकाका आत बसलेत, विचारा त्यांना. सासूबाई, तुम्ही उठलात कशाला? चहा होतोय, पाणी तरी. बरं. मी दुपारच्या गाडीने नाही येत. नाही, उद्याही नाही. तेरावं झाल्यावर येईन.

राघो: गेल्या?

तुळसा: माझी सासू गेली. तिच्यामागे चार-पाच जणी गेल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

ठमाबाई: तुना त्रास व्हईल गो.

तुळसा: होईल. काही महिने बोलायची नाही माझ्याशी. मग भाताची लावणी आली की बोलेल, हात कमी पडतात तिला.

राघो: आन् गोदा?

तुळसा: आत्या बसलीय. दगड पदरात घेऊन रडतेय. म्हणते, दादा असं बोललेला खरा, मीच विसरले.

राघो: मी जातो खाडीवर. गोपीनाथला सांगतो. भटाला पन सांगतो.

तुळसा: गोपीनाथ चिडेल, काका. चार लोकांत त्याला हे असलं काही आवडत नाही.

राघो: चिडू दे. ठान्याच्या कचेरीत रोज साहेबाचं ऐकतो ना? आज बापाचं ऐकंल. वयनी, तुमी दमानं या. मी त्यांना थांबवून ठेवतो.

ठमाबाई: भावजी, चिखलातनं नका जाऊ. बांधावरनं जा.

राघो: बांधावरनंच जातो.

तुळसा: गेले. आये, एक विचारू?

ठमाबाई: विचार.

तुळसा: बाबा गेले त्या दिवसापासून तू रडली नाहीस. बायका त्यावरही बोलत होत्या. मीसुद्धा मनात धरलं होतं. आज आता खोटं कशाला बोलू.

ठमाबाई: पहिल्या खेपेला लय रडले. सासू छाती बडवायची, बाया बोलायच्या रड, रड, मोकळी हो. मी रडायची. गावानं वाखानलं, पोरीनं दादल्यासाठी किती केलं म्हनून. आन् मना त्याचं नाकडोळंपन आठवत नव्हतं. कोनासाठी रडते तेच ठाऊक नव्हतं.

तुळसा: आणि आता?

ठमाबाई: आता सगळं ठाऊक हाय. कंच्या कुशीवर निजायचा. झोपेत कंच्या भाषेत ओरडायचा, आन् पाठीवर हात ठेवला की कसा गप व्हायचा. भाकरी मोडायच्या आधी ती हातात धरून बसायचा थोडा येळ, गरम असली तरी. रागावला की बोलायचा नाय, जाऊन बांधावर माती टाकायचा. कोनी मना विचारलं तर दिवसभर सांगत बसेन. म्हनून रडले नाय. एवढ्या बायांपुढं ते सगळं कसं काढू?

तुळसा: आत्ता कोणी नाही, आये. मीच आहे.

ठमाबाई: खाडीवर थांबलेत ना सगळे?

तुळसा: काका थांबवून ठेवतो म्हणालेत.

ठमाबाई: मग दार लोटून घे. आता मना रडायचं हाय.